फणसाच्या झोपाळ्यावरचा जुना रंग काढायला कोणती हत्यारं घेऊ?

प्रश्न
नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमचं घर आहे. ओटीवर आजोबांच्या वेळचा फणसाचा झोपाळा आहे, साडेपाच फूट लांब. वर चॉकलेटी ऑइल पेंट, त्याखाली हिरवा, आणि हिरव्याचे पोपडे सुटलेत तिथे तळाला तांबूस चकाकी दिसते. पोपडे साडीला लागतात म्हणून आई त्यावर बसेनाशी झाली आहे.

मे महिन्यात एका दुकानदाराच्या सांगण्यावरून ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून एका कोपऱ्यावर फिरवली. दोन मिनिटांत लाकडावर गोल गोल चरे उठले. तिथली कड सगळ्यांच्या हातांनी झिजून गोल झाली होती, ती सपाट झाली. फार वाईट वाटलं, तेव्हापासून हात लावलेला नाही. हीट गन, रिमूव्हर, स्क्रेपर, सँडर यांतलं काय घेऊ? झिजलेल्या कडा तशाच राहायला हव्यात.

उत्तर १
दादा, मी सावंतवाडीकडे सुतारकाम करतो. ग्राइंडर परत काढू नका. आधी तळाचा थर कसला आहे ते बघा. कापसाचा बोळा पॉलिशच्या स्पिरिटमध्ये भिजवून त्या तांबूस जागेवर मिनिटभर दाबून धरा. बोळा तांबूस, चिकट झाला तर ती चपडी, म्हणजे लाखेचं पॉलिश. मग तेवढ्या थराला स्पिरिट आणि फडकं पुरतं, हत्यार लागतच नाही.

वरच्या ऑइल पेंटला स्पिरिट काही करत नाही, त्याला रिमूव्हर. जाड थर द्या, वर प्लॅस्टिक टाका, नाहीतर आपल्याकडच्या वाऱ्यावर तो लगेच सुकतो. रंग सुरकुतला की बोथट पट्टीने ओढा. पट्टीचे कोपरे आधी कानशीने गोल करा, नाहीतर तेच लाकडात रुततात.

राहिलेल्यासाठी जुन्या करवतीच्या पात्याचा वीतभर तुकडा घ्या. कड कानशीने सरळ करा, मग गुळगुळीत पोलादी दांडी दाबून फिरवून धार किंचित वळवा. दोन्ही अंगठ्यांनी पात्याला जरा बाक द्यायचा आणि नसेच्या, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या, दिशेने ढकलायचं. कांद्याच्या सालीसारखी पातळ साल निघाली पाहिजे. नुसती भुकटी पडायला लागली की धार गेली, परत वळवा. आमचे जुने लोक फुटक्या काचेच्या कडेनेही तासायचे, पण हात कापतो.

उत्तर २
एक काळजीची गोष्ट. हिरवा रंग जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत ते 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवणं आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून बंधनकारक झालं. म्हणून कोरडं घासू नका आणि हीट गन अजिबात नको, तापलेल्या रंगाची वाफ छातीत जाते. खाली प्लॅस्टिक अंथरा, ओल्या वॉटर पेपरने घासा. कचरा गोळा करून बांधून ठेवा, अंगणात किंवा माडाच्या आळ्यात झाडू नका. रिमूव्हर उघड्यावर, रबरी हातमोजे घालून. पोरांना लांब ठेवा.

उत्तर ३
काका, कड्यांजवळच्या खाचांत लोखंडी ब्रश नको. त्याचे तुकडे अडकतात आणि दमटपणात गंजून काळे डाग देतात. मी आमच्या देव्हाऱ्याला नारळाच्या सोडणाचा काथ्या वापरला. रिमूव्हरने मऊ झालेला रंग खाचांतून छान सुटला, लाकडाला ओरखडाही नाही.

प्रश्नकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. बोळा दाबून पाहिला. चॉकलेटी रंग ढिम्म, पण तळाच्या जागेवर कापूस तांबूस झाला. म्हणजे चपडीच! सँडरचा विचार सोडला. रिमूव्हर, पट्टी आणि वॉटर पेपर आणतोय, करवतीचं पातं घरात आहे. कोपऱ्यावरच्या चऱ्यांचं काय करू?

उत्तर १
ते पात्याने हलक्या हाताने उतरवा, मग 120 नंबरचा आणि त्यानंतर 180 नंबरचा (जास्त बारीक) पॉलिश पेपर हातानेच, नसेच्या दिशेने. कडेला पेपर तळहातात धरा, ठोकळ्यावर नको, म्हणजे गोलाई थोडी परत येईल. चपडी मात्र पाऊस पूर्ण गेल्यावर द्या. दमट हवेत ती पांढुरकी पडते. दिवाळीनंतर उन्हाचा दिवस बघा.