स्टोनहेंज झालं, आता एव्हबरीला जा

स्टोनहेंजला दोरीपलीकडूनच दगड बघावे लागले, मन भरलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग तिथून गाडीने तासाभराच्या आत असलेल्या एव्हबरीला नक्की जा, तिथेही इंग्लंडमधलं असंच एक प्राचीन दगडांचं वर्तुळ आहे. साडेचार हजारांहून जास्त वर्षं जुन्या त्या दगडांना सरळ हात लावता येतो. गावाचा काही भाग वर्तुळाच्या आतच वसलाय, आजूबाजूला मेंढ्या चरत असतात. मी गेले तेव्हा धुकं होतं. खडबडीत अंगावर पिवळट दगडफूल, वाऱ्याकडची बाजू ओली गार. तळहात टेकवला आणि बोलायलाच सुचेना. मध्ययुगात यातले कितीतरी दगड पाडून पुरले गेले. १९३०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कीलर यांनी बरेच पुन्हा उभे केले. हरवलेल्यांच्या जागी काँक्रीटचे खुंट आहेत. मला त्या खुंटांपाशीच जास्त गलबलून आलं.