शेंद्र्याला नोकरी, गाडी नाही: संभाजीनगरात खोली कुठे घ्यावी?

मी परभणीचा. पुढील महिन्यात शेंद्रा औद्योगिक वसाहतीत रुजू होत आहे. दुचाकी घेण्याची ऐपत सध्या नाही, त्यामुळे दोघा-तिघांत वाटून घेता येईल अशी खोली आणि रोजच्या प्रवासाची सोय, दोन्हींबाबत कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर
आपले काम पूर्वेला आहे, म्हणून खोलीही त्याच बाजूला, मुकुंदवाडी, चिकलठाणा किंवा सिडको परिसरात पाहावी. वाळूजजवळचे बजाजनगर कोणी सुचवले तरी ते शहराच्या पश्चिमेला आहे आणि तिथून रोज संपूर्ण शहर ओलांडावे लागेल. शेंद्रा जालना रस्त्यावरच असल्याने खोली त्या रस्त्यापासून पायी अंतरावर असणे, भाड्यात शंभर-दोनशे रुपये वाचण्यापेक्षा मोलाचे आहे. कंपनीची बस कुठे थांबते, हे रुजू होण्याआधीच विचारून घ्यावे.

दुसरे उत्तर
भाड्याआधी पाण्याचे विचारा, ही माझी कळकळीची विनंती. या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. बोअर आहे का, टाकी किती मोठी आहे आणि टँकरचे पैसे कोण देणार, हे ठरल्याशिवाय अनामत देऊ नये. माझी अनामत तोंडी व्यवहारामुळे बुडाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. करारात सर्व सोबत्यांची नावे घालून घ्यावीत.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. रविवारी मुकुंदवाडीत खोल्या पाहण्यास येत आहे.