डीबगरची चूक नसताना टेस्ट नापास होते, त्या नापासाला मराठीत काय म्हणायचं?

जीडीबी या डीबगरच्या (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या साधनाच्या) टेस्टबद्दल नव्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितेय आणि एका शब्दाशी अडलेय. डीबगर नीट चाललेला असतो तरी टेस्ट फेल दाखवते, त्या फेलला काय म्हणू? आधी 'खोटं अपयश' लिहिलं पण पटेना, कारण लॉगमधे फेल खरोखरच आलेलं असतं. परवाचंच सांगते. टेस्टनं डीबगरला 'कंटिन्यू' (पुढे चालव) ही आज्ञा पाठवली, 'ब्रेकपॉइंट २' हे शब्द आणि पुढे काहीही आलं की पास, असं लिहिलेलं, प्रॉम्प्टसाठी, म्हणजे डीबगर पुढच्या आज्ञेला तयार झाल्याच्या खुणेसाठी, थांबायचं राहिलं होतं. माझ्या मशीनवर शब्द आणि प्रॉम्प्ट एकाच घासात यायचे आणि ते 'काहीही' दोन्ही गिळायचं, म्हणून सगळं आलबेल. मग 'मेक चेक-रीड१' ही त्याच टेस्ट चालवायची दुसरी आज्ञा दिली, त्यात डीबगरच्या उत्तराचा एका वेळी एकच बाइट हाती येतो, तर तो प्रॉम्प्ट मागे उरला आणि पुढच्या 'प्रिंट'च्या गळ्यात पडला, उत्तर यायच्या आधीच प्रॉम्प्ट दिसला म्हणून प्रिंट नापास! बिचाऱ्या प्रिंटचा काय दोष?

— 'लहरी टेस्ट' म्हणा की ताई. आमच्याकडे फ्लेकीला मी हेच म्हणतो.

— लहरी म्हणजे कधी पास कधी नापास. पण कंपायलरनं डीबग माहितीच (डीबगर ज्यावर विसंबतो ती प्रोग्रॅमची माहिती) चुकीची लिहिली तर टेस्ट रोज न चुकता नापास होते, ती कसली लहरी? मी 'आळ' सुचवेन. गणेश चतुर्थीला चंद्र बघू नये, चोरीचा आळ येतो, असं आजी सांगायची ना, त्या स्यमंतक मण्याच्या गोष्टीत मणी खरंच गेला होता, फक्त तो कृष्णानं चोरला नव्हता. तुमचं फेल तसंच आहे, फेल खरं, नाव चुकीच्या माणसावर. शिवाय क्रियापदं आयती मिळतात: आळ येतो, आळ घेतात, आळ दूर करतात.

— आळ मस्तच, पण केफेलला लावू नका हं. साध्या फेलखेरीज टेस्टचे एक्सफेल आणि केफेल असेही निकाल असतात. एक्सफेल म्हणजे दोष कंपायलरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा, तिथे आळ शोभतो. केफेल म्हणजे जीडीबीचाच बग, नंबरासकट नोंदलेला, तो कबूल केलेला गुन्हा. आणि 'दूर करणे' जपून वापरा, कारण बरेच जण टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) १० सेकंदांचा ६० करतात आणि झालं म्हणतात, त्याला मी 'आळ झाकणे' म्हणेन.

— वा, झाकणे आणि दूर करणे हा फरक मला हवाच होता! टिपणात आता असं लिहिलंय: "प्रिंटवर आळ आला होता, आधीच्या टेस्टला प्रॉम्प्टपर्यंत थांबायला लावलं आणि तो दूर झाला." आता उलटं सांगा, डीबगर चुकलेला असतो आणि टेस्ट पास म्हणते, त्याला काय?

— 'सुटणे'. बग सुटला, आरोपी सुटतो तसा.