निजाम उल मुल्क, खय्याम आणि हसन सब्बाह खरंच एका वर्गात होते?

रिकामटेकडा:
मंडळी, सेल्जुक (इराणवर राज्य करणारं तुर्की घराणं) वजीर निजाम उल मुल्क, कवी-गणिती उमर खय्याम आणि इस्माइली पंथाचा पुढारी हसन सब्बाह हे म्हणे शाळासोबती, आणि शपथ काय तर जो मोठा होईल त्याने बाकी दोघांना वर काढायचं, आणि पुढे सब्बाहच्याच माणसाने वजिराला भोसकलं. जरा जास्तच फिल्मी वाटतंय, खरं काय? आणि हैदराबादच्या निजामाशी काही नातं?

जुनी_वही:
वयं बघा ना राव. वजीर १०१८ चा, इराणातल्या तूसकडचा, खय्याम १०४८ चा. तो पाळण्यात तेव्हा हे तिशीत, कुठला वर्ग नि कुठली शपथ! हैदराबादशी नातं नाही, निजाम उल मुल्क हा किताब आहे, राज्याची घडी बसवणारा अशा अर्थाचा. याचं खरं नाव हसनच, म्हणजे गोष्टीत दोन हसन झाले. खून मात्र खरा, ऑक्टोबर १०९२, इस्फहानहून बगदादला जाताना नहावंदजवळ, सूफीच्या वेशात आलेल्या माणसाने सुरा मारला.

आडवा_प्रश्न:
खून सब्बाहनेच करवला असं छातीठोक नका सांगू. सुलतान मलिकशाहची बेगम तेरकेन खातून हिला आपलं पोरगं गादीवर हवं होतं, वजीर मात्र सुलतानाच्या दुसऱ्या बायकोच्या मुलाच्या, बर्कियारुकच्या बाजूचा. शिवाय वजिराची मुलं, नातू, जावई सगळे मोक्याच्या जागी चिकटवलेले, त्यामुळे सुलतानही वैतागलेलाच. पुढच्या महिनाभरात सुलतानही गेला, मग काय भाऊबंदकी सुरू.
पण मला वजिराचं सियासतनामा हे राज्यकारभारावरचं पुस्तक जास्त आवडतं. इक्तावाल्याचा (पगाराऐवजी जमिनीची वसुली मिळालेल्या सरदाराचा) हक्क फक्त ठरलेल्या वसुलीवर, रयतेच्या जीवावर, बायकापोरांवर, मालमत्तेवर नाही, आणि दोनतीन वर्षांनी त्याची बदली करा नाहीतर तो तिथेच मुळं धरतो, हे अकराव्या शतकात लिहिलंय! आणि गुप्तहेर व्यापारी, फकीर, सूफी अशा वेशात सगळीकडे फिरवा असंही यानेच सांगितलंय.

रिकामटेकडा:
सूफीच्या वेशात?? आणि मेला पण त्यानेच, काय हे.

जुनी_वही:
हो, आणि बातनींविरुद्ध (म्हणजे सब्बाहच्या इस्माइली पंथाविरुद्ध) त्याच पुस्तकात पानंच्या पानं आहेत, सब्बाहने १०९० ला अलमूतचा किल्ला घेतला होता ना. फक्त बायकांनी राजकारणात पडू नये हे प्रकरण वाचताना तेरकेन खातून डोळ्यासमोर ठेवा, बराचसा राग तिथलाच वाटतो मला.