उपासना चालवणाऱ्यांचे आभार आणि मंडळीत दिसलेले देवाचे कार्य

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार. उपासना संपली की आपण पाळकसाहेबांना भेटून संदेश आवडल्याचे आवर्जून सांगतो. पण ज्या ताई दर रविवारी गीते निवडतात, पेटीवर सूर धरतात आणि आपल्याला प्रार्थनेपर्यंत घेऊन जातात, त्यांच्यासमोरून मात्र मान हलवून निघून जातो. मीही अनेक वर्षे तसेच केले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गेल्या रविवारी मी पहिल्या बाकावर होते, म्हणून एरवी न दिसणारे काही दिसले. ताईंच्या गीतपुस्तकाच्या समासात प्रत्येक गीताची पट्टी, म्हणजे सूर किती वरचा धरायचा ते, शिसपेन्सिलीने लिहिलेली आहे आणि काही ठिकाणी ती खोडून खालची पट्टी लिहिली आहे. काळी दोन या वरच्या पट्टीत त्यांचा स्वतःचा आवाज खुलतो, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. तरीही मंडळीला वरचे सूर झेपत नाहीत म्हणून ते गीत त्यांनी पांढरी एकवर आणले. गाणाऱ्या माणसाने आपला आवाज मागे ठेवून इतरांचा आवाज मोकळा करावा, ही मला फार मोठी सेवा वाटते.

दुसऱ्या गीताच्या शेवटच्या कडव्याला त्यांनी पेटी थांबवली. माझ्या शेजारचे एक गृहस्थ पत्नी गेल्यापासून पुस्तक मिटून नुसते उभे राहत असत. वाद्य थांबल्यामुळेच मला ऐकू आले की ते गात होते. अगदी हळू, शब्द मागेपुढे होत, पण गात होते. ताईंनी जागा मोकळी केली आणि तिथे कार्य देवाने केले, असे मी पूर्ण श्रद्धेने म्हणते.

पवित्र शास्त्रात या सेवेची नोंद किती काळजीपूर्वक ठेवली आहे, ते पाहावे. पहिले इतिहास, अध्याय 25 मध्ये परमेश्वराच्या गायनात निपुण असलेल्यांची संख्या 288 अशी दिली आहे. नहेम्याच्या पुस्तकाच्या 13 व्या अध्यायात तर लेवी, म्हणजे मंदिरातील सेवेकरी, आणि गायक यांचे वाटे त्यांना मिळाले नाहीत, म्हणून ते आपापल्या शेतांवर निघून गेले, असे आहे. आणि नहेम्याने जाब विचारला तो गायकांना नव्हे, अधिकाऱ्यांना. आपल्या ताईंचा वाटा म्हणजे निदान आपला कृतज्ञतेचा शब्द, आणि तो आपण थकवला आहे.

आपली,
मंडळीतील एक भगिनी

*

प्रिय भगिनी,

आपले पत्र वाचून समाधान वाटले. उपासना चालवणाऱ्याची स्तुती फार झाली तर उपासनेचा कार्यक्रम होईल, ही भीती मी आजवर बोलून दाखवत आलो आहे. आपण मात्र आवाजाची वाहवा न करता त्या आवाजाने कोणासाठी जागा केली ते सांगितलेत, आणि अशा कौतुकाला माझी मुळीच हरकत नाही.

एक गोष्ट मात्र जोडावीशी वाटते. डोळे पाणावले तर देव कार्य करत आहे आणि सूर जुळला नाही तर नाही, असे मोजमाप आपण लावू नये. स्तोत्रसंहितेतील 12 स्तोत्रांवर, म्हणजे 50 वे आणि 73 ते 83, गायकांचा प्रमुख आसाफ याचे नाव आहे. आणि त्यांतल्या 73 व्या स्तोत्रात तो उघडपणे सांगतो की दुर्जनांची भरभराट पाहून त्याचे पाऊल घसरण्याच्या बेतात होते. जो इतरांना गायला लावतो, त्याचीही श्रद्धा कधी थकते. आपल्या ताई किती वर्षांत घरच्यांसोबत बाकावर बसून उपासनेला हजर राहिल्या नाहीत, हे आपल्यापैकी कोणी त्यांना विचारले आहे का? महिन्यातून एका रविवारी गीतांची जबाबदारी आपण दोघांनी घ्यावी, असे मी सुचवतो. माझा आवाज बरा आहे, तयारीही वेळेवर करीन.

आपला बंधू

*

आदरणीय काका आणि प्रिय भगिनी,

दोन्ही पत्रे मी पुन्हा पुन्हा वाचली. एक खुलासा केल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पट्टी उतरवण्याची कल्पना माझी नव्हती. एकदा उपासनेनंतर मंडळीतल्या एक आजी माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, तुझं गाणं गोड आहे, पण आमचा आवाज तिथवर पोचत नाही गं." तेव्हा ते मला लागले होते आणि दोन रविवार मी हट्टाने त्याच पट्टीत गायले. तिसऱ्या आठवड्यात शनिवारी सराव करताना मात्र आजींचे शब्द कानातून जाईनात, म्हणून मी पेन्सिल घेतली. देवाचे कार्य शोधायचेच असेल, तर ते आधी माझ्या हट्टावर झाले, असे मी नम्रपणे नोंदवते.

काकांची सूचना मी आनंदाने स्वीकारते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मुलांसोबत बाकावर बसेन. पेटी आणि गीतपुस्तक आदल्या दिवशी तुमच्या हाती देते; पट्ट्या समासात लिहिलेल्या आहेतच, आणि जिथे कडव्याला पेटी थांबवायची आहे तिथे बारीक फुली आहे.

आपली नम्र,
पेटीवरची ताई