मदत हवी आहे: टांझानिया सफारी, पितृपक्षात की दिवाळीत? (बाबांना नदी ओलांडणारे कळप बघायचेत)

चांदणचुरा:

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही पाच जण: मी, नवरा, लेक (नववी), आई (62) आणि बाबा (67). बाबा गेली कित्येक वर्षं न चुकता मे महिन्यात ताडोब्याला जातात. 45 डिग्रीत कशाला मरायला जाता, असं आई दरवर्षी विचारते. त्यांचं उत्तर ठरलेलं: "पाणी आटलंय, झाडं बोडकी झालीत, जनावर जाणार कुठे? पाणवठ्यावरच येणार." त्यांच्याकडे एक लाल पुठ्ठ्याची वही आहे, तिच्यात तारीख, वेळ, तळं आणि काय दिसलं एवढंच लिहिलेलं असतं. गेल्या महिन्यात त्या वहीच्या शेवटच्या पानावर मला दिसलं: "मारा नदी. विल्डबीस्ट. एकदा." पुढे तारखेची जागा मोकळी. (विल्डबीस्ट म्हणजे कळपाने फिरणारी आफ्रिकेतली मोठी हरणं.)

तर ती तारीख भरायची आहे. पण यंदा अधिक ज्येष्ठ, त्यामुळे सगळे सण लांबलेत. गणपती 14 सप्टेंबरला, दिवाळी थेट 8 नोव्हेंबरला. ऑगस्टमध्ये नवऱ्याला रजा नाही. गौरी-गणपती सोडून आई हलणार नाही. म्हणजे उरलं काय? अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला झाली की पितृपक्ष, किंवा मग दिवाळीची सुट्टी. पितृपक्षाचं नाव काढताच आईने भुवया उंचावल्या. लेकीची सहामाही 12 ऑक्टोबरपासून आहे, ते वेगळंच.

एका एजंटने दिवाळीचा आठ दिवसांचा प्लॅन दिलाय: नैरोबी, मसाई मारा 2 रात्री (हे केनियात), तिथून "त्याच गाडीने तासाभरात" सेरेनगेटी 2 रात्री, एक रात्र गोरोंगोरो (जुन्या ज्वालामुखीचा प्रचंड खळगा), एक मन्यारा, जाता जाता तरंगिरे अर्धा दिवस (ही सगळी टांझानियातली जंगलं). खाली ठळक अक्षरात "रिव्हर क्रॉसिंग गॅरंटीड". मला हे वाचून हुरूप यायच्या ऐवजी संशय आला.

प्रश्न: (1) नोव्हेंबरमध्ये कळप नेमके कुठे असतात? (2) केनिया आणि टांझानिया दोन्ही करावेत का? (3) बाबांची पाठ फार धड नाही, रस्ते कसे आहेत?

सावळागोंधळ:

गॅरंटीड? विल्डबीस्टांशी करार झालाय का त्यांचा? :)

किबोको:

मी सहा वर्षं अरुशाला (उत्तर टांझानियातलं शहर) नोकरीला होतो, म्हणून जरा अधिकारवाणीने लिहितो. राग मानू नका, पण तो प्लॅन केराच्या टोपलीत टाका.

आधी कळपांचं चक्र समजून घ्या, म्हणजे तारखा आपोआप सुटतील. सुमारे 13 लाख विल्डबीस्ट, त्यांच्यासोबत दोन लाखांच्या वर झेब्रे. जानेवारी अखेर ते मार्च हे सगळे दक्षिणेला, एन्दुतूच्या आसपासच्या सपाट गवताळ माळावर असतात. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची, गवत बुटकं पण कॅल्शियम-फॉस्फरसने भरलेलं, म्हणून माद्या तिथे येऊन वितात. पण त्या माळावर बारमाही पाणी नाही. मे अखेर पाऊस थांबला की माळ वाळतो आणि कळप निघतात. आधी पश्चिमेला ग्रुमेती नदीकडे, मग उत्तरेला, जिथे पाऊस जास्त पडतो आणि मारा नदी वाहती असते. जुलै ते ऑक्टोबर मुक्काम तिथे. नोव्हेंबरात छोटा पाऊस (तिकडे त्याला वुली म्हणतात) सुरू झाला की परत दक्षिणेची वाट.

म्हणजे तुमच्या दिवाळीत कळप वाटेवर असतील. पाऊस आठवडाभर आधी आला की पुढे सरकलेले, उशिरा आला की मागे रेंगाळलेले. तेव्हा क्रॉसिंगची हमी देणारा माणूस एकतर कधी तिकडे गेलेला नाही, किंवा गेलाय आणि तरी देतोय. दुसरं जास्त वाईट.

आता खरी गोष्ट, जी पॅकेजवाले सांगत नाहीत. मारा नदी एकट्या केनियाची नाही. ती केनियात उगम पावते, मसाई मारातून टांझानियात शिरते आणि सेरेनगेटीच्या उत्तर टोकातून पुढे व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. त्या टोकाला कोगातेंदे म्हणतात, नदीपलीकडचा तुकडा लामाई. कळप हीच नदी तिथेही ओलांडतात. एकदा नव्हे, इकडून तिकडे, तिकडून इकडे, पलीकडे ढग दिसले की परत. बाबांच्या वहीसाठी केनियात जावं लागत नाही.

आणि ते "त्याच गाडीने तासाभरात"! मसाई मारा आणि सेरेनगेटी नकाशावर चिकटलेले आहेत हे खरं, पण मधली सीमा पर्यटकांना ओलांडू देत नाहीत. इसेबानिया किंवा नामांगाच्या सीमाचौकीला वळसा घालून जावं लागतं, गाडी बदलावी लागते, आख्खा दिवस जातो. वर मसाई माराची फी जुलै ते डिसेंबर माणशी दिवसाला 200 डॉलर, आणि ती सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढीच चालते. दोन देश करायला वेळ आणि पैसा दोन्ही उतू जात असेल तर करा.

माझं मत: पितृपक्ष. 26 सप्टेंबरला निघा. कोरड्या मोसमाचं शेवटचं टोक असतं ते, तुमच्या बाबांच्या मे महिन्यासारखं.

चांदणचुरा:

किबोको, अक्षरशः डोळे उघडले. हे बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. "म्हणजे त्यांचा सप्टेंबर आपला मे" एवढंच म्हणाले आणि वही काढली.

पण मग बाकीचे दिवस काय? फक्त उत्तरेलाच बसायचं का?

तिरफळ:

मी 2023 च्या सप्टेंबरअखेर जाऊन आले, म्हणून सांगते. पाच ठिकाणी एकेक रात्र करू नका. तीन ठिकाणं, पण बसून.

तरंगिरेला अर्धा दिवस ही चेष्टा आहे. कोरड्या दिवसांत तिथलं सगळं आजूबाजूचं पाणी संपतं आणि लांबलांबचे हत्ती तरंगिरे नदीवर उतरतात. विल्डबीस्ट-झेब्रेही येतात, सिमांजिरोच्या माळावरून. सेरेनगेटीच्या कळपांशी त्यांचा संबंध नाही, त्यांची ही वेगळी ये-जा आहे. आम्ही गेलो तेव्हा नदी म्हणजे वाळूचा पट्टा आणि मधे मधे डबकी. एक हत्तीण सोंडेने आणि पुढच्या पायाने वाळू उकरत होती. खड्ड्यात पाणी झिरपेपर्यंत स्वस्थ उभी. तिचं पिऊन झालं की पिल्लू, पिल्लाचं झालं की मागचे. चाळीस मिनिटं आमची गाडी तिथेच होती, कोणी हूं की चूं केलं नाही. मागे गोरखचिंचेची झाडं, प्रत्येकाच्या बुंध्याची साल हत्तींनी सोलून काढलेली. मला विचाराल तर क्रॉसिंगपेक्षा हे जास्त लक्षात राहिलंय.

एक सूचना: निळे-काळे कपडे नकोत. त्सेत्से माशी त्या रंगांवर येते आणि जीन्समधूनही चावते. माझ्या नवऱ्याने ऐकलं नाही. नेव्ही ब्लू टी-शर्ट. पुढचं लिहीत नाही.

पाणवठा:

क्रॉसिंगबद्दल थोडं, कारण व्हिडिओ बघून लोकांचा गैरसमज होतो. आम्ही कोगातेंदेला तीन दिवस होतो. पहिल्या दिवशी दुपारी बारापासून काठावर कळप जमलेला. हजारो. सगळ्यांचं एकाच सुरात "म्हँ-म्हँ" चाललेलं, धूळ इतकी की दात करकरायला लागले. एक झेब्रा उतरून पाण्याला तोंड लावायचा, दचकून मागे फिरायचा, की सगळा कळप मागे. साडेचार तास हेच. संध्याकाळी परतावं लागलं, कारण अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचा नियम आहे. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याचा डबा उघडला, उकडलेलं अंडं सोलतोय, तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी सुरू केली. अकरा मिनिटांत सगळं संपलं. अंडं कुठे गेलं ते अजून माहीत नाही.

म्हणून तीन रात्री तरी द्या. दोन दिलेल्यांचे हात हलवत परत आलेले चेहरे मी कॅम्पच्या जेवणाच्या तंबूत पाहिलेत. आणि ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की गाडी काठापासून मागे ठेव. गाड्यांनी उतार अडवला की कळप बिचकतो, किंवा नको त्या कड्यावरून उड्या मारतो.

आईंना एक कल्पना द्या: नदीत बुडालेली जनावरं असतात. वर्षाला सरासरी 6,000 च्या वर बुडतात. मगरी, गिधाडं, मराबू करकोचे आणि वास. आमच्याबरोबरच्या काकू गाडीत डोक्यावर ओढणी घेऊन बसल्या होत्या.

सावळागोंधळ:

एवढा खर्च करायचाच तर बोत्सवाना का नाही? चोबेचे हत्ती जगात भारी. ओकावांगोत तर कोरड्या मोसमातच पूर येतो, अंगोलात पडलेला पाऊस महिनोन् महिने वाहत येऊन. कसली भन्नाट भानगड आहे ती!

किबोको:

भानगड भन्नाटच आहे, पण बाबांच्या वहीत "मारा नदी" लिहिलंय हो. आणि बोत्सवाना खिशाला अजून जड. पुढच्या अधिक महिन्यात करा.

रस्त्यांचं राहिलं होतं. अरुशा ते कराटू (गोरोंगोरोच्या आधीचं गाव) डांबरी, छान. पुढे गोरोंगोरोच्या फाटकापासून कच्चा, आणि सेरेनगेटीत खडबडीत, वळ्या पडलेला. गाडी तासन् तास थरथरते. सेरोनेरा (सेरेनगेटीचा मधला भाग) ते कोगातेंदे चार-पाच तास तसेच. पाठीचा त्रास असेल तर जाताना रस्त्याने जा (वाटेत बघायला मिळतं) आणि कोगातेंदेच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने अरुशाला परत या. फक्त सामान माणशी 15 किलो आणि मऊ बॅगेतच. चाकांची टणक सुटकेस चालत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर: 27 ला किलिमांजारो विमानतळ, रात्र अरुशात. 28, 29 तरंगिरे. 30 कराटू. 1 तारखेला पहाटे गोरोंगोरोच्या खळग्यात, दुपारनंतर सेरोनेराला मुक्काम. 2, 3, 4 कोगातेंदे. 5 ला विमानाने परत. मन्यारा गाळा. गोरोंगोरोत एका गाडीची खाली उतरायची फीच जवळजवळ 300 डॉलर आहे, पण गेंडा दिसायची शक्यता तिथेच सगळ्यात बरी. जिराफ मात्र खळग्यात मिळणार नाही. कडेचा उतार त्यांना झेपत नाही म्हणतात. लेकीला आधीच सांगा, आमची धाकटी दिवसभर शोधत होती.

स्वेटर घ्या. हसू नका. खळग्याचा काठ 2,300 मीटरच्या आसपास आहे, पहाटे हात गारठतात.

डॉ_अळूवडी:

एक महत्त्वाचं कोणीच लिहिलं नाही. यलो फीवरची लस. केनियातून भारतात परतताना त्याचा दाखला मागतात. नसेल तर सहा दिवस विलगीकरण. केनिया वगळताय ते उत्तमच, पण तेवढ्याने प्रश्न संपला असं समजू नका. विमान कुठून बदलतंय यावरही ठरतं. दोहा किंवा दुबईमार्गे गेलात तर सोपं. तिकीट काढायच्या आधी विमानतळ आरोग्य कार्यालयाला विचारा.

हे एवढं ताणतेय कारण ही जिवंत लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदा घेताना दुष्परिणामांचा धोका वाढतो. आई-बाबा दोघंही साठीपुढचे. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचून घेऊ नका. घ्यायची ठरली तर प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा, बीपी-शुगरच्या गोळ्यांची यादी बरोबर न्या.

तिरफळ:

आणि फराळ नेणार असाल (नेणारच!) तर प्लास्टिकच्या पिशव्यांत नको. टांझानियात 2019 पासून बंदी आहे. आम्ही चिवडा स्टीलच्या डब्यात, दशम्या पंचात बांधून नेल्या होत्या. शाकाहाराची काळजी करू नका. अरुशात गुजराती मंडळी पिढ्यान् पिढ्या आहेत, कॅम्पच्या आचाऱ्यांना डाळ-भात-चपाती चांगली ठाऊक असते. चपातीला तिकडेही चपातीच म्हणतात.

पाणवठा:

कॅमेरा असेल तर घरून दोन कापडी पिशव्या शिवून न्या, रिकाम्या. अरुशाच्या बाजारात दोन-तीन किलो राजमा घेऊन भरा. गाडीच्या उघड्या छपराच्या कडेवर ठेवली की लेन्स हलत नाही. निघताना राजमा ड्रायव्हरच्या घरी.

चांदणचुरा:

सगळ्यांचे आभार कसे मानू! अपडेट देते.

एजंटला नाही कळवलं. तो म्हणाला, "मॅडम, गॅरंटी म्हणजे आम्ही नदीवर नेणार." असो.

डॉक्टरांची वेळ शनिवारची घेतली आहे, दोहामार्गे किलिमांजारोची तिकिटं त्यानंतरच. लेकीच्या वर्गशिक्षिकेशी बोलले. "भूगोलाचा प्रकल्प करून आण" या अटीवर आठवडा मिळाला.

राहिली आई. आजोबांचं श्राद्ध सप्तमीचं, म्हणजे आम्ही नेमके तिकडे असताना. मी दोन दिवस विषयच काढला नाही. काल रात्री तीच पंचांग घेऊन आली. म्हणाली, "तिथीला जमलं नाही तर सर्वपित्रीला करतात. 10 ऑक्टोबरला शनिवारच आहे. गुरुजींना मी फोन केला." मग जरा थांबून, "तुझ्या आजोबांना तरी कुठे घरात बसवायचं. त्यांनीच तर ह्यांना जंगलाचा नाद लावला."

बाबांनी वहीत तारखेच्या जागी पेन्सिलीने "2 ते 4 ऑक्टो." लिहिलंय. पेनने परत आल्यावर, म्हणाले.

पाणवठा, एकच शंका: पिशवी केवढी शिवायची? आईने मशीन काढून ठेवलंय आणि माप मागतेय.

पाणवठा:

साधारण एक फूट बाय आठ इंच. जाड मांजरपाट घ्या आणि तोंडाला चेन लावायला सांगा. आमची नाडीची होती. खडबडीत रस्त्यावर सुटली आणि परत येईपर्यंत गाडीत राजमा वेचत होतो.