युद्ध पेटलं की तांदळाची निर्यात सरकारनं रोखावी का?

धानवाला_हडपसर:
सरळ मुद्द्यावर येतो. घरची धानाची शेती गोंदियाला, मी नोकरीला पुण्यात. कुठंही युद्ध भडकलं की एकच सूर लागतो, निर्यात बंद करा, आधी आपलं पोट बघा. ऐकायला बरोबर वाटतं. पण युक्रेन युद्धानंतर काय झालं ते बघा ना. मे २०२२ मध्ये गहू बंद, सप्टेंबरमध्ये तुकडा तांदूळ बंद आणि पांढऱ्यावर २० टक्के शुल्क. मग १७ जुलै २०२३ ला युक्रेनचं धान्य समुद्रमार्गे बाहेर जाऊ देणाऱ्या काळ्या समुद्रातल्या करारातून रशिया बाहेर पडला आणि तीनच दिवसांनी आपण बिगर-बासमती पांढरा तांदूळ पूर्ण बंद केला, संध्याकाळी आदेश निघाला आणि लगेच लागू. उठला कधी, तर सप्टेंबर २०२४ च्या शेवटाला. जगाच्या तांदूळ व्यापारात जवळपास ४० टक्के वाटा आपला, तो बाजूला झाल्यावर थायलंडचा भाव टनाला ६०० डॉलरच्या वर गेला. ती तेजी थाई नि व्हिएतनामी शेतकऱ्याला मिळाली. आमच्याकडं २०२३ ला हमीभाव क्विंटलला २१८३ रुपये, आणि बाहेरचा रस्ता बंद असल्यावर खासगी व्यापारी त्याच्या फार वर जायला बघतच नाही. देशात खरंच टंचाई असेल तर रोखा, एक अक्षर बोलणार नाही. पण १ जुलैला तांदळाचा बफर, म्हणजे सरकारी राखीव साठा, लागतो १३५ लाख टन आणि गोदामात त्यापेक्षा कितीतरी जास्त पडलेला असताना रोखायचा, हे मला पटत नाही.

स्वाती_सिंहगडरोड:
दादा, गोदामातला तांदूळ ताटात येत नाही ना पण. बंदी घालताना सरकारनंच सांगितलं होतं की किरकोळ भाव वर्षात साडेअकरा टक्के वाढलेत. आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींच्या घरात सहा माणसं, रेशनवर माणशी ५ किलो मिळतं, ते तिसऱ्या आठवड्यात संपतं आणि मग कोपऱ्यावरच्या दुकानातून सुटा तांदूळ, दोन किलो, तीन किलो असा. त्यांना किलोमागं चार रुपये वाढले की डाळीत कपात होते. आणि धानाला राज्यानं त्या वर्षी हेक्टरी २० हजार बोनस दिला होता, दोन हेक्टरपर्यंत, मावशींना कोण देतंय बोनस? युद्धात भाव कुठं जाईल कुणाला माहीत नसतं, अशा वेळी सरकारनं आधी दार लावून घेतलं तर मला त्यात काही गैर वाटत नाही.

पेठेतले_काका:
स्वातीताईंशी सहमत, आणि जरा मागं जाऊन सांगतो. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला. जपानी येतील म्हणून इंग्रजांनी बंगालच्या किनाऱ्यावरच्या होड्या आणि धान्य काढून नेलं, तरी सिलोनला तांदूळ जातच राहिला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात २० ते ३० लाख माणसं मेली. युद्धात व्यापार मोकळा सोडायचा म्हणजे काय होतं ते आपल्या देशानं भोगलंय.

धानवाला_हडपसर:
काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण १९४३ चा अर्धाच भाग सांगितलात. त्या वेळी प्रत्येक प्रांतानं आपापल्या सीमा बंद केल्या होत्या, धान्य बाहेर जाऊ द्यायचं नाही म्हणून. ज्याच्याकडं होतं त्याचं तिथंच राहिलं आणि बंगालला वेळेवर पोचलं नाही. अमर्त्य सेन हेच सांगत आले की धान्य नव्हतं म्हणून नाही, भाव भडकले आणि मजुराची ते घ्यायची ऐपत राहिली नाही म्हणून माणसं मेली. आज आपण जगाच्या बाजारात त्याच प्रांतांसारखं वागलो तर नेपाळ, सेनेगल, बेनिन यांनी काय खायचं?

पेठेतले_काका:
नेपाळला दिला की. ९५ हजार टन मंजूर केला होता, फिलिपिन्सला २ लाख ९५ हजार. सरकार ते सरकार. गरजवंताला मिळतो, साठेबाजाला मिळत नाही, हीच तर पद्धत हवी.

भुसार_गुलटेकडी:
मार्केटयार्डात आमचं तांदळाचंच काम आहे म्हणून लिहितो. कोटा मंजूर झाला म्हणजे माल पोचला असं नसतं साहेब, तो एका सहकारी संस्थेमार्फत जायचा, त्यात महिने जातात. दुसरं, पांढरा बंद केला की तो बासमतीच्या नावानं जायला लागतो, सरकारला तसं दिसलं म्हणून ऑगस्टमध्ये बासमतीला टनामागं किमान १२०० डॉलर भावाची अट आली, त्याखाली निर्यात नाही. त्या भावाला गिऱ्हाईक नाही, पंजाब-हरियाणात नवीन पीक दारात आणि निर्यातदार खरेदीला तयार नाहीत, शेवटी ऑक्टोबरमध्ये ९५० वर आणावी लागली. एक बंदी घातली की तिच्या मागं दुसरी घालावी लागते ती अशी. आणि खरं युद्ध काय करतं ते जून २०२५ ला बघितलं. इराण-इस्रायल सुरू झालं, सरकारनं काहीही बंद केलं नव्हतं, तरी इराणला जाणारा लाखभर टन बासमती कांडला आणि मुंद्रा बंदरात अडकला, जहाज मिळेना आणि नेहमीच्या विम्यात युद्धाचं नुकसान धरत नाहीत. त्या दिवसात आमच्याकडं दुबार, तिबार, मोगरा (बासमतीच्या तुकड्याचे प्रकार) विचारायला फोन यायचे, भाव अजून उतरतोय का म्हणून, आणि माल कुणी उचलायचं नाही. त्या वेळी निर्यातदाराला सरकारची गरज होती, विम्यासाठी, पेमेंटसाठी. तिथं नियंत्रण आणा ना.

मंचरकर:
कांद्याचं पण तेच, ८ डिसेंबर २०२३ ते ४ मे २०२४ बंद. आमच्या दारात कांदा सडला. शहरातल्यांना स्वस्त पाहिजे तर सरकारनं पैसे घालून द्यावं, आमच्या खिशातनं कशाला.

स्वाती_सिंहगडरोड:
मंचरकर, तुमचं नुकसान झालं हे मी नाकारत नाही, पण सरकारनं पैसे घालून बघितले होते. एफसीआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न महामंडळानं, २०२३ ला लिलावात तांदूळ काढला, किलोचा भाव ३१ रुपयांवरून २९ केला, व्यापारी फिरकले नाहीत. भुसारवाले दादा, तुम्ही का घेतला नाहीत?

भुसार_गुलटेकडी:
ताई, तो जाडा तांदूळ, पुण्यात गिऱ्हाईक कोलम नाहीतर इंद्रायणी मागतं. मी गोण्या उचलून ठेवणार कुठं आणि विकणार कुणाला. तो तांदूळ रेशन दुकानात जादा कोटा म्हणून दिला असता तर तुमच्या मावशींना सरळ मिळाला असता, मध्ये मी नको आणि लिलाव पण नको.

धानवाला_हडपसर:
हेच म्हणतोय मी. मावशींना ५ च्या जागी ८ किलो द्या, गोदामातून. आणि निर्यातीवर काही घालायचंच असेल तर शुल्क घाला, पेरणीच्या आधी जाहीर करा, झालेल्या सौद्यांना सूट द्या. २०२३ ला जहाजात भरायला सुरुवात झालेल्या मालाला सूट होती हे खरं, पण करार झालेला आणि अजून गोदामात असलेला अडकला. आमच्याकडं जूनमध्ये नर्सरी टाकतात, जुलैत रोवणी. रोवणी चालू असताना बंदी येते, तेव्हा शेतकऱ्यानं काय उपटून दुसरं लावायचं?

पेठेतले_काका:
शुल्क आधी जाहीर करा हे मान्य. पण युद्ध पेरणी बघून सुरू होत नाही. बंदीचा अधिकार सरकारकडं राहिलाच पाहिजे, त्यावर मी ठाम आहे.